तिथीची पाऊणपट

जुहूच्या चौपाटीवरून रस्त्याकडे परतताना, वाळू संपते तिथे, पाय धुण्यासाठी एक नळ होता. आमच्या पुढे एक तरुण कुटुंब होते. त्यांनी मुलांचे पाय धुतले, चपला धुतल्या, प्लास्टिकचे फावडे आणि बादली धुतली आणि बोलत बोलत नळ तसाच सोडून ते निघाले. नळ काही धो धो वाहत नव्हता, करंगळीएवढी धार होती. माझ्या मोठ्या आईने ती पाहिली. तिचे वय शहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले, आणि वाळूत ती माझा दंड धरून एकेक पाऊल टाकत होती. ती धार दिसताच मात्र तिने माझा दंड सोडला, पदर खोचला आणि जवळजवळ धावत जाऊन नळ बंद केला. मग त्या कुटुंबाच्या दिशेने, पण कुणालाच उद्देशून नव्हे, ती म्हणाली, "पाणी वाया जायलंय की, कुणाचं ध्यान हाय का न्हाई?" त्यांच्यातला तरुण थांबला. तो उद्धट नव्हता. काळोखात फुटणाऱ्या लाटांकडे हात करून तो हसत म्हणाला, "आजी, समोर एवढा समुद्र आहे." आजूबाजूचे चार जण हसले. मीही हसले.

ते हसू गेले कित्येक महिने माझ्या घशात अडकून बसले आहे.

कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे भूगोल शिकवणाऱ्या बाईला त्या तरुणाला उत्तर देता यायला हवे होते. समोर जे पसरले होते त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते आणि ते कुणाच्याही तहानेच्या कामाचे नाही. नळातून जे वाहत होते ते भातसा, तानसा, वैतरणा यांच्या जलाशयांतून, शंभरेक किलोमीटरचे अंतर तोडून, माणूस उभा मावेल अशा जलवाहिन्यांमधून तिथवर आले होते. आणि ज्या शहापूर तालुक्यातून ते येते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. त्या नळाचे समोरच्या समुद्राशी काही नाते नव्हते. मोठ्या आईला यातले काहीच माहीत नव्हते आणि तरी ती बरोबर होती. मला सगळे माहीत होते आणि मी हसले. चारचौघांत आपले माणूस गावंढळ ठरण्याआधी आपणच हसून मोकळे व्हायचे, हे आमच्याकडून पुण्या-मुंबईला गेलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी केलेले असते, आणि विशीत केले तर ते विसरलेही जाते. मी ते पन्नाशीत केले.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी तिचा जन्म गेला. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, आणि पंचांग इतके पाठ की घरातले लग्नाळू पोर कुणाचेही असो, तारखेआधी तिथी तिच्याकडूनच कळते. समुद्र पाहायचा आहे असे ती कधी म्हणाली नव्हती. तो विषय निघाला तो मालाडला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या पाच वर्षांच्या मुलामुळे. दिवाळीत तो लातूरला आला होता. संध्याकाळी आम्ही त्याला म्हणालो, चल, चौपाटीवर जाऊ. आमच्याकडच्या गावोगावी चौपाटी म्हणजे भेळ, पाणीपुरी, पावभाजी आणि कुल्फी यांच्या गाड्यांची रांग, वर बल्बच्या माळा, खाली धूळ आणि मधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. पोराने सगळ्या गाड्यांच्या मागे जाऊन पाहिले, एका भिंतीपाशी थांबला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "इथला समुद्र कुठे गेला?" आम्ही पोट धरून हसलो. मोठी आई तेवढी हसली नाही. घरी आल्यावर तिने भाच्याला विचारले, "तिकडं चौपाटीला समुद्र असतो व्हय?" चौपाटी हा शब्द चार पाटांवरून, म्हणजे पाण्याच्या चार प्रवाहांवरून आला असे सांगतात. चार पाट पाणी घेऊन निघालेला शब्द घाट चढून आमच्यापर्यंत पोहोचेतो कोरडा ठणठणीत झाला, त्याच्या हातात भेळेची पुडी तेवढी राहिली, आणि आमच्या कधी ध्यानातही आले नाही.

अशा रीतीने पौषात आम्ही तिघे लातूरहून रात्रीच्या मुंबई गाडीत बसलो: मी, मोठी आई आणि तिचा मुलगा. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो गावाकडे बांधकामाची कामे घेतो. पहिल्याच संध्याकाळी भाच्याने आम्हाला गिरगावला नेले. तो दिवस शुद्ध अष्टमीचा होता; ते मी का लक्षात ठेवले आहे ते पुढे येईलच. मरीन ड्राइव्हची कमान जिथे वळते तिथे रस्ता ओलांडला, पायांखालचा दगड संपून वाळू लागली, आणि मोठी आई चप्पल काढून हातात घेऊन उभी राहिली. पाण्याकडे तिचे लक्ष आधी गेलेच नाही. तिने वाकून चिमूटभर वाळू कपाळाला लावली आणि म्हणाली, "केवढं वाळवंट हाय बाई." तिच्या लेखी वाळवंट एकच, चंद्रभागेचे, पायाखाली वाळू, पुढे पाणी आणि माणसांची ही दाटी म्हटल्यावर तिला दुसरा शब्द शोधावा लागला नाही. दादाची नजर वेगळ्या हिशेबात गुंतली होती. त्याने डावीकडून उजवीकडे पाहिले, पायाने उकरून खोली अजमावली आणि मला हळूच विचारले, "ताई, किती ब्रास असंल ही?" मांजरेच्या पात्रातली वाळू रात्रीच्या ट्रॅक्टरांनी नेऊन नेऊन खाली खडक उघडा पडलेला आम्ही पाहिला आहे. आमच्याकडे वाळू पंचनाम्यात असते, भांडणात असते, घराच्या अंदाजपत्रकात असते. ती नुसती पडून राहिलेली, तिच्यावर मुले किल्ले करत आहेत आणि कुणी पावती मागत नाही, हे दृश्य दादाला पचायला वेळ लागला. समुद्राची खारी वाळू बांधकामाला चालत नाही असे मी सांगितले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा दिलासा दिसला.

मग मोठी आई पाण्यापर्यंत गेली. लाटेने तिचे घोटे भिजवले, ओंजळभर पाणी तिने तीर्थासारखे घेतले आणि लगेच थुंकले. आमच्या घरात पाण्याच्या दोन जाती आहेत. बोअरचे ते खारे आणि नळाचे ते गोडे. खाऱ्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरे पुट चढते. "आपलं बोअरचं लई बरं की गं," ती म्हणाली, आणि साडीच्या काठावर वाळलेले मिठाचे पांढरे पाहून आपल्या खालच्या अंगाच्या चोपण रानाची तिला आठवण झाली. तिथे ज्वारी उगवत नाही, पावसाळ्यानंतर जमिनीवर अशीच पांढरी साय धरते. त्यानंतर तिने मला तो प्रश्न विचारला ज्यावर परीक्षेत मी दोन गुण देते. "आपली मांजरा हितंच येते का?" मला नाही म्हणावे लागले. मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी त्र्यंबकला, या समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर, उगम पावूनही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून पार बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला तुटलेला आणि पठाराचा उतार पूर्वेला, एवढे साधे कारण आहे त्याचे. फळ्यावर मी ते खडूच्या दोन रेघांत दाखवते. मोठी आई मात्र बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हंजी आपलं पाणी तिकडं जातंय अन् आपण हिकडं बघाया आलाव." त्या रात्री आम्ही किनारी रस्त्याच्या बोगद्यातून परतलो. २०२४ मध्ये खुला झालेला हा बोगदा गिरगाव चौपाटीच्या आणि मलबार हिलच्या पोटातून जातो. भाच्याने सांगितले की आपण आत्ता त्याच वाळूखालून चाललो आहोत, तेव्हा तिने गाडीच्या छताकडे पाहून हात जोडले. दादाने भरावाचा खर्च विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला गेलो. गिरगावला टिळकांचा पुतळा पाहताना जे पुसट जाणवले होते ते दादरला स्पष्ट झाले. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते गिरगावच्या चौपाटीवर. ७ डिसेंबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना निरोप दिला गेला तो दादरच्या चौपाटीवर. या शहराने आपली सर्वांत मोठी दुःखे आणि आपली रोजची मौज एकाच वाळूत ठेवली आहे, आणि दोन्हींची एकमेकांना अडचण होत नाही. कदाचित लाखो माणसे एका वेळी उभी राहू शकतील अशी मोकळी जागा इथे समुद्राने राखली तेवढीच उरली, म्हणूनही असेल. चैत्यभूमीपाशी उभी असताना मला माझ्या गावातला, माझ्याच वर्गातला एक मित्र आठवला. त्याच्या घरची माणसे आमच्या घरच्या कुणीही समुद्र पाहण्याच्या किती तरी आधीपासून दर सहा डिसेंबरला दादरला येत होती, गाडीच्या दारात बसून, भाकरी फडक्यात बांधून. सातवीत असताना तो पहिल्यांदा जाऊन आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला एकच विचारले होते, समुद्र केवढा असतो? त्याने थोडा विचार करून सांगितले होते की रांग इतकी मोठी होती की समुद्र नीट दिसला नाही, पण बाबांनी पहाटे तिथल्या पाण्यात तोंड धुतले. मोठ्या आईच्या ओसरीवर त्या घरच्या कुणाला तेव्हा बसू दिले जात नसे, पाणीही वरून ओतले जाई. तिला हे आठवले की नाही, ते मी विचारले नाही. ती स्तूपापाशी गेली, इतरांसारखीच वाकली, बाहेर येऊन भिंतीच्या सावलीत बसली आणि म्हणाली, "ह्यांची मानसं लई आधीपासून येत्यात न्हवं हितं." तिच्या आवाजात नेमके काय होते ते मला ओळखता आले नाही.

दुपारनंतर आक्सा. हा किनारा मालाडहून जवळ, म्हणून भाच्याला नेण्याचा उत्साह, आणि तिथे माणसे बुडतात म्हणून त्याला धाकही. लाट मागे सरकताना टाचांखालची वाळू ओढून नेते, तळ सारखा नाही, कंबरभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकावे तर छातीभर लागते. इशाऱ्याचे फलक आहेत, जीवरक्षक शिट्ट्या फुंकत फिरतात. दादाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मग सरळ शर्टच काढला, तेव्हा भाचा त्याच्या पुढे आडवा झाला. दादाला ते लागले. आमच्या मळ्यातल्या विहिरीत काठावरून सूर मारून तळाची माती मुठीत घेऊन वर येणारा तो गावातला पहिला मुलगा होता. मला पोहायला त्यानेच शिकवले, कमरेला रिकामा डबा बांधून आणि पहिल्याच दिवशी मागून ढकलून. पण विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. ते खोल असते, गार असते, पण ते माणसाला कुठे नेत नाही. आक्साला जीव गमावणाऱ्यांमध्ये पोहता येणारेही असतात असे भाचा म्हणाला, आणि मला वाटले, त्यांतल्या काहींना पोहणे आमच्यासारखे, चार भिंतींच्या आत आले असेल. दादा शेवटी गुडघाभर पाण्यात हाताची घडी घालून उभा राहिला. त्याच्या दोन्ही मुलांना पोहता येत नाही. त्यांच्या लहानपणी ती विहीर कोरडी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेसावे. ऑक्टोबर २०१५ पासून काही नागरिक दर आठवड्याला इथला कचरा उचलू लागले, कमरेएवढे ढीग हटत गेले आणि मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले निघून पाण्याकडे चालत गेली, ही हकिकत मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगते. प्रत्यक्षात आम्ही गेलो तेव्हा ओहोटीच्या ओल्या पट्ट्यावर पुन्हा पिशव्या, चपला, दोरखंडांचे तुकडे आणि निर्माल्य होते. तो किनारा काही एकदाच झाडायचा नाही. शहर जे नाल्यांतून सोडते ते समुद्र भरतीबरोबर परत आणून ठेवतो, आणि पावसाळ्यात तर जुहूला डांबराचे काळे गोळेही येऊन पडतात. कोळीवाड्याच्या बाजूला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. त्या वासाने माळकरी मोठ्या आईने पदर नाकाला लावला तो खाली घेतलाच नाही. पण नाकाला पदर लावून बोलता येते. जाळे निवडत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीशेजारी ती टेकली. दोघींचे वय एक, गुडघ्यांचे दुखणे एक, आणि बोली इतक्या वेगळ्या की मला मधूनमधून दुभाषी व्हावे लागले. मोठ्या आईने विचारले की हे पाणी एवढ्या लांब गेले आहे ते परत कधी येते. मी शिक्षिकेच्या सवयीने तोंड उघडले, की दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात आणि रोज भरती साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळणीने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिने मोठ्या आईला विचारले, आज तिथी कोणती?

"दशमी," मोठी आई ताबडतोब म्हणाली.

मग तिची पाऊणपट कर, असे कोळणीने सांगितले. दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला पाणी भरले होते, आता उतरते आहे, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पुन्हा पुरे भरेल. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, एकादशीला सव्वाआठ. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीला भांग, तेव्हा दोन्ही बेताचे. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला हा हिशेब मी कुठेतरी वाचलेला होता, पण वर्गात कधी सांगितला नव्हता, कारण माझ्या वर्गातल्या मुलांना त्याचा काय उपयोग? पुस्तकातली ५० मिनिटे आणि कोळणीची ४५. पाच मिनिटांचा फरक होडीला चालतो. मोठ्या आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आले ते तीन दिवसांत पहिल्यांदा आले. पाण्याचा अफाटपणा पाहून ती थक्क झाली नव्हती. अफाट तर आभाळही असते. आपल्याला पाठ असलेल्या पंचांगात या पाण्याचे येणे-जाणे आधीच लिहून ठेवलेले होते आणि शहात्तर वर्षे ते आपल्याला कुणी सांगितले नाही, या गोष्टीने ती हलली. "रोज?" तिने विचारले. कोळण म्हणाली, रोज. "अन् चुकत न्हाई?" कोळणीला हा प्रश्नच कळला नाही. मी समजावून सांगितला तेव्हा ती हसली आणि तिने जाळ्यातला एक खेकडा सोडवून टोपलीत टाकला.

संध्याकाळी जुहूला आम्ही साडेपाचला पोहोचलो ते निव्वळ मोठ्या आईच्या आग्रहामुळे. सूर्य मावळला, फुगेवाले आणि मक्याची कणसे भाजणारे यांचे दिवे लागले, गोळ्याच्या गाडीवर रंगीत बाटल्या चमकू लागल्या, डोक्यावरून एकामागून एक विमाने गेली. भाच्याच्या मुलाने वाळूत खड्डा केला, त्यात पाणी आणून ओतले आणि ते जिरते म्हणून चिडून पुन्हा आणले. मोठी आई या सगळ्याकडे पाठ करून बसली होती. तिने आपली काठी लाटेच्या टोकापाशी रोवायला लावली होती. पाणी काठीला लागले की दादाने ती उपटून दोन हात मागे रोवायची. सातपर्यंत काठी चार वेळा मागे आली. साडेसातला तिने भाच्याला वेळ विचारली. त्यानंतरही एकदा लाट काठीला शिवली, मग शिवली नाही, मग थोडी अलीकडेच थांबू लागली. भाच्याच्या मोबाइलवर सात पन्नास झाले होते. "दहा-वीस मिण्टं इकडं तिकडं," मोठी आई एखाद्या शेजारणीला सांभाळून घ्यावे तशी म्हणाली, "पर आलं. सांगितल्यापरमानं आलं." तिने काठी मागून घेतली, आम्ही उठलो, वाळू झटकली, आणि रस्त्याकडे निघालो. वाटेत तो नळ होता.

लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मोठी आई गुडघ्याच्या उपचारांसाठी आमच्याकडे होती. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचे कलम लावले गेले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून ते कृष्णेचे पाणी आमच्यापर्यंत पोहोचले. देशभरातून कॅमेरे आले. आमच्या गल्लीतल्या बायांना कॅमेऱ्यांचे काही नव्हते, त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती: आपल्याकडे पाणी कधी येणार? ते कुणी सांगत नव्हते. कुणी उद्या म्हणे, कुणी आठवड्याने म्हणे. टँकर रात्री दोनला येई, कधी दुपारी बाराला, कधी आलाच नाही. घागरी आणि ड्रम रांगेत लावून, त्यांच्या कड्यांमधून एकच दोरी ओवून बाया उंबऱ्यावर बसून झोपत. मोठी आई परातीत उभी राहून तांब्याभर पाण्याने अंघोळ करी आणि परातीतले पाणी संडासात वापरले जाई. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला. तिने बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे, खडी फोडली आहे, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या आहेत. पण ती म्हणायची की बहात्तरला धान्य नव्हते, विहिरीच्या बुडाशी का होईना पाणी होते. आता पोत्याने धान्य आहे आणि तोंड धुवायला पाणी नाही. त्या चार महिन्यांत मी तिला कधी रडताना पाहिले नाही. एकदाच, पहाटे तीनला नळाची फुसफुस ऐकून ती उठून अंगणात गेली, नुसती हवाच येत होती, आणि ती तोटीला हात लावून उजाडेपर्यंत तिथेच उभी राहिली.

पुढे पाऊस झाला, धरण भरले. आता नळ येतो, काही दिवसांआड येतो, आणि येण्याची वेळ पाणी सोडणाऱ्या माणसाखेरीज कुणाला माहीत नसते. आमची सारी आखणी त्या अंदाजाभोवती फिरते. लग्नाला जायचे की नाही, दुपारी झोपायचे की नाही, पाहुण्यांना थांबवायचे की नाही हे नळावर ठरते, आणि दुसऱ्याला त्याची जाणीवही होऊ नये इतके ते अंगवळणी पडलेले आहे. जुहूच्या त्या तरुणाला वाटले असावे की म्हातारीला एवढे मोठे पाणी दिसले नाही. तिने तर दोन तास काठी रोवून तेच मोजले होते.

परतीच्या गाडीत मी तिची माफी मागावी असे फार मनात होते. दौंडच्या पुढे दादा झोपला, डबा शांत झाला, तेव्हा मी एवढेच म्हणाले, "मोठी आई, नळाचं तू बरोबर केलंस." तिला काही क्षण कळलेच नाही मी कशाबद्दल बोलते आहे. मग म्हणाली, "तुझा हात सोडून पळाले, पडले असते तर तुमाला घोर," आणि पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. लाडवात बारीक वाळू होती. दाताखाली कचकच झाली. आम्ही दोघींनी तो तसाच खाल्ला.

परवा एकादशी होती. मोठी आई आठ दिवसांपासून आमच्याकडे आहे. नळ पहाटे येईल असा शेजारच्या वहिनींचा निरोप होता, म्हणून आम्ही पाचपासून उठून बसलो. सहा वाजले, सात वाजले. मी चहा केला, तिला उपवासाचे थोडे दूध गरम करून दिले. अंगणात घागर, कळशी, दोन बादल्या आणि निळा ड्रम तोंड उघडे ठेवून रांगेत बसले होते. ती पायरीवर बसून माळ ओढत होती. भिंतीवरच्या घड्याळात तिला दुरून काटे दिसत नाहीत, म्हणून तिने वेळ विचारली. मी सांगितले, सव्वाआठ. तिचे बोट माळेच्या मण्यावर थांबले.

"तिकडं भरलं असंल आता," ती म्हणाली. थोड्या वेळाने, हिशेबात चूक राहू नये म्हणून, तिने पुस्ती जोडली, "दहा-वीस मिण्टं धर म्हणा."

आणि ती पुन्हा नळाकडे पाहू लागली.